मोबाइल गेला, भिजला की जुना घ्यायचाय? मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनचा पहिला पाऊस पडला की माझ्याकडे येणारे प्रश्न ठरलेले असतात. फोन पाण्यात पडला, फोन लोकलमध्ये गेला, किंवा ओळखीतला एक जण स्वस्तात देतोय, घेऊ का. गेली काही वर्षं सोसायटीतले, ऑफिसातले आणि त्यांच्याही ओळखीतले लोक विचारत आलेत, तेच प्रश्न इथे एकत्र केलेत. उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. फोन गेलाय हे आत्ताच कळलं. सगळ्यात आधी काय करू?

शेजारच्याचा फोन मागा आणि स्वतःच्या नंबरवर एकदा फोन लावा. हसू नका. सीटवर राहिलेला, रिक्षात पडलेला फोन उचलून 'हा कुणाचा आहे हो' म्हणणारी माणसं या शहरात अजून भरपूर आहेत.

फोन लागला नाही किंवा कुणी कट केला, तर क्रम असा: आधी दुरून कुलूप, मग सिम बंद, मग बँक. कुलूप आधी का, तर सिम बंद केलं की फोनचं इंटरनेट जातं आणि कुलपाचा आदेश त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. अँड्रॉइडवाल्यांनी गुगलच्या 'फाइंड हब'वर जावं, आयफोनवाल्यांनी 'फाइंड माय'वर. आयफोनच्या बाबतीत ब्राउझरमधून आयक्लाउडचा शोध उघडायला फक्त पासवर्ड लागतो, दुसऱ्या टप्प्याचा कोड लागत नाही. अ‍ॅपलने ती वाट मुद्दाम मोकळी ठेवलीय, कारण कोड येणारा फोनच तर हरवलेला असतो.

फोन हातात उघडा असताना हिसकावला असेल, तर मात्र कुलपासाठी दोन मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. जमलं तर जमलं. लगेच कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून सिम बंद करा, कारण उघड्या फोनवर ओटीपी समोर दिसत असतात. बँकेचं प्रश्न ७ मध्ये आहे.

२. गुगलमध्ये लॉगिन करायला गेलो तर तो हरवलेल्याच फोनवर 'होय' दाबायला सांगतोय! आता?

हा फटका मी स्वतः खाल्लाय. मस्जिद आणि सँडहर्स्ट रोडच्या मध्ये गाडी हळू झाली, मी दारात उभा, आणि खालून कुणीतरी हातावर काठी मारली. फोन रुळांत. दादरला उतरून मित्राच्या फोनवर लॉगिन करायला गेलो, तर स्क्रीनवर नम्रपणे लिहिलेलं: तुमच्या फोनवर सूचना पाठवलीय, तिथे होय दाबा. चूक माझीच, पर्यायी कोड काढून ठेवलेच नव्हते.

गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात आठ-आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड मिळतात. ते कागदावर लिहून पाकिटात ठेवा. फोनच्या कव्हरमध्ये नको, असं वेगळं सांगायला नको, पण ठेवणारे भेटलेत. दुसरी सोय म्हणजे 'रिमोट लॉक'. ही आधीच चालू केलेली असली, तर दुसऱ्या कुठल्याही फोनवरून फक्त आपला मोबाइल नंबर टाकून स्क्रीनला कुलूप लावता येतं, पासवर्ड लागत नाही. त्यासाठी हरवलेल्या फोनला नेट मिळत असायला हवं. म्हणून पुन्हा तेच, सिम त्यानंतर बंद करायचं.

३. लोकलमध्ये चोरी झाली. तक्रार कुठल्या पोलिस ठाण्यात करायची?

गाडीत, फलाटावर किंवा रेल्वेच्या हद्दीतल्या पुलावर घडलं असेल तर लोहमार्ग पोलिस, म्हणजे जीआरपी. दादर, कुर्ला, ठाणे, कल्याण, अंधेरी, बोरिवली अशा मोठ्या स्टेशनांवर त्यांची ठाणी आहेत. स्टेशनबाहेर, बसमध्ये किंवा बाजारात घडलं तर शहर पोलिस. लोहमार्ग पोलिसांची हेल्पलाइन १५१२ आहे आणि रेल्वेची १३९.

'आमच्या हद्दीत नाही, तिकडे जा' हे वाक्य ऐकायला मिळालं, तर शांतपणे 'झीरो एफआयआर' म्हणा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी ठाण्याला दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. पुढे ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते.

आता शब्दांची गोष्ट. 'हरवला' आणि 'चोरला' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हरवल्याची नोंद मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावरही करता येते आणि पाच मिनिटांत कागद मिळतो, म्हणून लोक घाईत तेच करतात. पण खिशातून काढला असेल तर ती चोरी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३. हातातून हिसकावला तर कलम ३०४, तो वेगळा गुन्हा आहे. काठी मारून फोन पाडला आणि तुम्ही जबाबात 'गर्दीत पडला' असं सांगितलंत, तर तपास कशाचा करणार? जे घडलं तेच सांगा. विम्याचा दावा करायचा असेल तर त्यासाठीही हा शब्द महत्त्वाचा असतो.

४. आयएमईआय म्हणजे काय आणि फोनच नसेल तर तो कुठे शोधू?

हँडसेटची १५ आकडी ओळख. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. फोन हातात असताना *#०६# दाबलं की दिसतात. फोन गेल्यावर खोक्यावर, बिलावर, ऑनलाइन खरेदीच्या पावतीवर, किंवा गुगल अथवा अ‍ॅपल खात्यातल्या उपकरणांच्या यादीत बघा. आजच *#०६# दाबून स्क्रीनशॉट घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा.

५. संचार साथीवर फोन ब्लॉक कसा करायचा?

केंद्राच्या दूरसंचार विभागाची ही सोय. तिच्यामागे सीईआयआर नावाची देशभरच्या हँडसेटची नोंदवही आहे आणि तिची सुरुवात सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातून झाली. संचार साथी संकेतस्थळ मे २०२३ मध्ये आलं, अ‍ॅप जानेवारी २०२५ मध्ये.

लागतं काय: पोलिस तक्रारीची प्रत, आयएमईआय, ओळखपत्र आणि ओटीपीसाठी चालू नंबर. बिल असेल तर जोडा. फॉर्म भरला की एक रिक्वेस्ट आयडी मिळतो, तो जिवापाड जपा. प्रश्न १६ वाचलात की कारण कळेल. साधारण २४ तासांत देशातल्या सगळ्या नेटवर्कवर तो हँडसेट बंद होतो. नंतर कुणी त्यात सिम घातलं की त्याची नोंद होते आणि माग पोलिसांपर्यंत जातो.

दोन आयएमईआय असतील तर दोन्ही भरा. एकच भरला की दुसऱ्या खाचेत सिम घालून फोन निवांत चालू राहू शकतो. ही चूक मी इतक्या वेळा पाहिलीय की आता फॉर्म भरताना लोकांच्या शेजारी बसून आधी तोच रकाना दाखवतो.

६. आयएमईआय ब्लॉक केला म्हणजे माझे फोटो, व्हॉट्सअ‍ॅप सुरक्षित झाले ना?

नाही. ब्लॉक फक्त मोबाइल नेटवर्कपुरता असतो. वायफायवर फोन चालतोच आणि आतला डेटा जागेवरच असतो. डेटाचं रक्षण स्क्रीनचं कुलूप करतं, आणि दुरून पुसायचा आदेश.

७. फोनमध्ये यूपीआय आहे. पैसे जातील का? गेलेच तर?

यूपीआय पिन चोराला माहीत नसेल तर नुसता फोन हातात येऊन मोठी रक्कम जात नाही. पण तीन भोकं आहेत. एक, यूपीआय लाइट. त्यात पिन लागत नाही, एका वेळी १,००० रुपयांपर्यंत जातात आणि शिल्लक कमाल ५,००० असू शकते. दोन, पिन म्हणून जन्मसाल किंवा १२३४ ठेवलेला असणं. तीन, आणि हे सगळ्यात वाईट, डेबिट कार्ड आणि फोन एकाच कव्हरमध्ये ठेवणं. कार्डाचे आकडे आणि सिमवर येणारा ओटीपी हातात असला की नवा पिनच तयार करता येतो. स्टेशनवर दिसणाऱ्या दर चार-पाच फोनांत एकाच्या पाठीशी कार्ड खोचलेलं दिसतं आणि माझ्या पोटात गोळा येतो.

फोन गेला की बँकेच्या हेल्पलाइनवरून यूपीआय आणि मोबाइल बँकिंग बंद करायला सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. पैसे निघाले असतील तर त्याच क्षणी १९३० लावा. हा आर्थिक सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक. पैसे पुढच्या खात्यात असतानाच गोठवता आले तर परत मिळण्याची आशा असते, आणि हे अंतर मिनिटांत मोजायचं असतं. संध्याकाळी घरी गेल्यावर बघू, हे इथे चालत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा व्यवहाराची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर तोटा येत नाही. पिन स्वतःच कुणाला सांगितला असेल तर खबर देईपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणून वेळ आणि क्रमांक लिहून ठेवणं ही नुसती कागदी हौस नाही.

८. चोर माझं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालू शकतो का?

सहज. फोनला कितीही भारी कुलूप असू दे, सिमचा ट्रे पिनेने टोचला की बाहेर येतो. मग ते सिम त्याच्या फोनमध्ये आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे. फोन गेला की लोक फोनच्या मागे धावतात, पण बँक, आधार, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप या सगळ्यांनी विश्वास ठेवलाय तो नंबरावर. हँडसेट पैसे टाकून पुन्हा मिळतो.

उपाय फुकट आहे आणि जवळपास कुणीच वापरत नाही: सिमचा पिन. सेटिंगमध्ये सिम लॉक शोधा. तो चालू केला की फोन बंद करून चालू केल्यावर, किंवा सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर, पिन मागितला जातो. एक धोका आहे, म्हणून नीट वाचा. चालू करताना कंपनीचा मूळ पिन लागतो. तो अंदाजाने टाकू नका, कस्टमर केअरला विचारा. तीनदा चुकलं की सिम अडकतं आणि ते सोडवायला पीयूके नावाचा आठ आकडी कोड लागतो. तोही दहा वेळा चुकला की सिम कायमचं बाद.

ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच बसवलेलं सिम असेल, तर काढून घेण्याचा प्रश्नच नाही. या एका कारणासाठी मी माझा बँकेचा नंबर ई-सिमवर नेला.

९. नवं सिम घेतलं, रेंज आली, फोन लागतात, पण ओटीपी येत नाहीत. सिम खराब दिलं का?

सिम ठीक आहे. त्याच नंबरचं सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस येणं-जाणं बंद ठेवतात. तुमच्या नावाने भलत्यानेच सिम काढलं, तर त्याला लगेच ओटीपी मिळू नयेत म्हणून हा नियम. दुकानदाराशी भांडू नका. संचार साथीचा फॉर्म, बँकेचं अ‍ॅप वगैरे दुसऱ्या दिवशी करा. याच कारणासाठी जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर पोर्टही करता येत नाही.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. फोन हातात आहे, बिल भरलेलं आहे, आणि अचानक रेंज जाऊन तासभर 'नो सर्व्हिस' दिसतंय, तर कुणीतरी तुमच्या नावाने नवं सिम काढलेलं असू शकतं. घरच्यांच्या फोनवरून लगेच कंपनीला विचारा. आपल्या नावावर एकूण किती नंबर चालू आहेत तेही संचार साथीवर दिसतं. महाराष्ट्रात एका माणसाला नऊची मर्यादा आहे. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच 'माझा नाही' म्हणून कळवा.

१०. आयफोन चोरीला गेला आणि चार दिवसांनी 'तुमचा फोन सापडला, ठिकाण बघा' असा मेसेज आला. उघडू?

उघडू नका. घरी मोठा आनंद होतो, हे मी पाहिलंय, आणि नेमका तोच आनंद त्यांना हवा असतो. आयफोन मालकाच्या खात्याशी बांधलेला असतो, त्याशिवाय तो नव्याने चालू करता येत नाही. त्यामुळे चोरासाठी तो फक्त सुट्या भागांचा डबा. पूर्ण किमतीला विकायचा तर तुमचा अ‍ॅपल पासवर्ड हवा. मग तुम्ही 'लॉस्ट मोड'मध्ये दिलेल्या पर्यायी नंबरवर मेसेज येतो, दुवा दाबला की हुबेहूब अ‍ॅपलसारखं पान उघडतं आणि आयडी-पासवर्ड मागतं. पुढची पायरी म्हणजे 'सर्व्हिस सेंटरमधून बोलतोय' असा फोन. मग धमकीही.

ठिकाण बघायचं तर 'फाइंड माय' स्वतः उघडून बघा. आणि काही झालं तरी फोन खात्यातून 'रिमूव्ह' करू नका. डेटा पुसायचा आदेश दिला तरी कुलूप राहतं, रिमूव्ह केलं की ते निघून जातं. कुणी गोड बोलून रिमूव्ह करायला सांगत असेल, तर फोन त्याच्याच हातात आहे असं समजा.

११. फोन जायच्या आधी कुठली सेटिंग करून ठेवू?

अँड्रॉइडवर 'थेफ्ट डिटेक्शन लॉक'. हातातून हिसकावून पळाल्याचा झटका ओळखून स्क्रीन आपोआप बंद होते. अँड्रॉइड १० आणि पुढच्या फोनांना ही सोय २०२४ पासून मिळू लागली. आयफोनवर 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन', आयओएस १७.३ पासून. चोराने पासकोड पाहिलेला असला तरी अनोळखी जागी पासवर्ड बदलायला चेहरा दाखवावा लागतो आणि वर तासभर थांबावं लागतं.

दोघांनीही लॉक स्क्रीनवरचा मेसेजचा मजकूर झाकून ठेवा, नाहीतर कुलूप न उघडताच ओटीपी वाचता येतो. कुलूप असताना वरून सरकणारा पडदाही बंद ठेवा, तिथूनच विमान मोड लावला जातो.

आणि दारात उभं राहून रील बघू नका. यासाठी सेटिंग नाही.

१२. फोन पाण्यात पडला. तांदळात ठेवू?

नको. तांदळाचा डबा वरणभातासाठी ठेवा.

शेजारच्या काकूंचा फोन मिलन सबवेच्या पाण्यातून आला होता. त्यांनी रात्रभर डब्यात पुरून ठेवला. सकाळी मी टॉर्च मारून पाहिलं तर चार्जिंगच्या पोर्टमध्ये पांढरं पीठ चिकटलेलं आणि एक कणी आडवी अडकलेली. अ‍ॅपलनेही आपल्या मदत पानावर तांदळाचा उपाय करू नका असं लिहिलंय, कारण हेच, कण आत जातात. आणि तांदूळ बंद फोनच्या आतलं पाणी ओढून काढत नाही.

पाणी एकटं फोनचा बोर्ड, म्हणजे आतली सर्किटची पाटी, मारत नाही. पाणी आणि वीज एकत्र आली की मारतात. म्हणून आधी फोन बंद. 'चालतोय का बघू' म्हणून पुन्हा चालू करायचा मोह आवरा, चार्जर तर लावूच नका. कव्हर काढा, सिमचा ट्रे बाहेर, पोर्ट खाली धरून तळहातावर हलके टिचके मारा. मग सुक्या, हवा खेळत्या जागी ठेवा. जुलैत मुंबईच्या हवेलाच घाम आलेला असतो, नुसत्या पंख्याखाली फार वेळ लागतो. घरात एसी असेल तर त्या खोलीत ठेवा, तिथली हवा कोरडी असते. हेअर ड्रायर नको, पोर्टमध्ये कापसाची काडीही नको.

स्वच्छ पाण्याचा शिंतोडा असेल तर दिवसभरात निभावतं. पण रस्त्यावरचं साचलेलं पाणी किंवा जुहूच्या समुद्राचं खारं पाणी असेल तर वाळवत बसू नका, त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे जा. लॅमिंग्टन रोडच्या एका माळ्यावर मी कारागिराशेजारी बसून मायक्रोस्कोपमधून पाहिलंय. तीन दिवस 'वाळवलेला' बोर्ड होता, चार्जिंग आयसीच्या (चार्जिंग सांभाळणाऱ्या चिपच्या) पायांशी हिरवट बुरशीसारखा थर धरलेला. ते तांब्याचं गंजणं. त्याने आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) बुडवलेल्या ब्रशने घासलं, एक पाय थरासोबतच निघून आला. 'तीन दिवस आधी आणला असता तर नुसत्या बोर्ड वॉशमध्ये झालं असतं,' म्हणाला.

१३. माझा फोन आयपी६८ आहे. मग पावसात चालेल ना?

पावसात, हो. पोहायला नको. आयपी हा धूळ आणि पाणी रोखण्याचा दर्जा. ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ८ म्हणजे एक मीटरपेक्षा खोल पाण्यात कंपनीने सांगितलेल्या वेळेपुरता तग धरतो. चाचणी प्रयोगशाळेतल्या गोड्या, स्थिर पाण्यात आणि नव्या फोनवर होते. समुद्राचं पाणी, साबणाचं पाणी, दोन वर्षं वापरून सैल झालेला गोंद, यांची हमी त्यात नाही. बाहेर डिस्प्ले बदलून घेतला असेल तर सील पुन्हा तसंच बसलं असेल असं धरून चालू नका.

आणि आयपी६८ असूनही पाण्याने झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही. सिमच्या खाचेत किंवा आत पांढरी पट्टी असते, ती पाणी लागलं की लाल होते. सर्व्हिस सेंटरवाला आधी तीच बघतो.

१४. दुरुस्तीला देताना पासकोड सांगावाच लागतो का?

डिस्प्ले किंवा बॅटरी बदलायला सहसा नाही. समोर बसून करून घ्या. फोन ठेवून जावं लागत असेल तर सॅमसंगमध्ये 'मेंटेनन्स मोड', पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड' आहे. त्यात फोन तपासता येतो पण तुमचे फोटो, मेसेज दिसत नाहीत. ही सोय नसेल तर बॅकअप घेऊन रिसेट करून द्या. सिम तर काढून घ्याच.

१५. जुना फोन घेतोय. काय तपासू?

मनीष मार्केट असो, लॅमिंग्टन रोड असो की ऑफिसातला सहकारी, क्रम तोच.

आधी *#०६#. स्क्रीनवरचे आकडे, खोक्यावरचे आणि बिलावरचे तिन्ही जुळले पाहिजेत. मग मेसेजमध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत केवायएम लिहा, जागा सोडून आयएमईआय टाका आणि १४४२२ वर पाठवा. संचार साथीवरही बघता येतं. उत्तरात 'ब्लॅकलिस्टेड', 'डुप्लिकेट' किंवा 'आधीच वापरात' असं आलं तर चहा पिऊन निघा.

दुसरं, विकणाऱ्याला समोर रिसेट करायला लावा आणि फोन नव्याने सुरू होताना बघा. जुन्या मालकाचं गुगल किंवा अ‍ॅपल खातं मागितलं तर तो फोन अजून त्याचाच आहे. 'घरी जाऊन काढून देतो' ऐकू नका.

तिसरं, हात लावून. पांढरं चित्र पूर्ण स्क्रीनवर उघडा, हिरवी-गुलाबी रेघ लगेच दिसते. एक आयकॉन बोटाखाली धरून स्क्रीनभर फिरवा, हातातून सुटला त्या जागी टच मेलाय. स्वतःचं सिम घालून फोन करा, कानाला लावल्यावर स्क्रीन विझते का बघा. आयफोनमध्ये 'पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्टरी'त बदललेले भाग दिसतात. बॅटरीची उरलेली क्षमता (बॅटरी हेल्थ) ८० टक्क्यांच्या खाली असेल तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. अ‍ॅपलच्या हिशोबाने आयफोन १४ पर्यंतची बॅटरी चार्जिंगच्या ५०० पूर्ण चक्रांनंतर आणि १५ पासूनची १,००० चक्रांनंतर ८० टक्के राहायला हवी.

बिल हवंच. दुकानाचं नसेल तर विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि त्यावर आयएमईआय लिहून सही. पैसे यूपीआयने द्या, नोंद राहते. 'बिल नाही पण माल एक नंबर' हे वाक्य ऐकलं की मी तरी पुढचं काही तपासत नाही.

१६. सगळं तपासून घेतला, तरी दोन आठवड्यांनी फोन ब्लॉक झाला. असं कसं?

केवायएमचं उत्तर त्या क्षणापुरतं असतं. मूळ मालकाने तक्रार उशिरा केली, तर आज स्वच्छ दिसणारा आयएमईआय पंधरवड्याने काळ्या यादीत जातो. तुम्हाला तो उघडता येत नाही. त्यासाठी मूळ तक्रारदाराचा रिक्वेस्ट आयडी लागतो. बिल, पैसे दिल्याची नोंद आणि विकणाऱ्याची माहिती घेऊन स्वतःहून पोलिसांकडे जा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं किंवा तसा संशय यावा अशा परिस्थितीत घेणं हा न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि तुमचं कागदी बिल तुम्हाला तिथून वाचवतं.

या वेळी कुणीतरी हमखास सुचवतो, 'आयएमईआय बदलून देणारा आहे एक.' त्या वाटेला जाऊ नका. दूरसंचार कायदा २०२३ नुसार यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

१७. लोकलचं तिकीट किंवा पास फोनमध्येच होता. घरी कसा जाऊ?

खिडकीवर तिकीट काढून. अ‍ॅपमध्ये दाखवता आलं नाही तर तपासनिसाच्या लेखी तुम्ही विनातिकीट. बॅटरी संपली तरी तेच, आणि स्क्रीनशॉट चालत नाही. पाकिटात पन्नासची एक नोट दुमडून ठेवा.

१८. पोलिसांचा फोन आला, माझा मोबाइल सापडलाय! आता काय करायचं?

फोन खरा पोलिसांचाच आहे ना, हे ठाण्याच्या नंबरवर उलट फोन करून बघा, आणि 'सोडवायचे' म्हणून कुणाला ऑनलाइन पैसे पाठवू नका. मूळ बिल, ओळखपत्र आणि तक्रारीची प्रत घेऊन जा. गुन्हा दाखल असेल तर फोन मुद्देमाल असतो आणि तो सोडवायला न्यायालयाचा आदेश लागू शकतो.

हातात आल्यावर रिक्वेस्ट आयडी टाकून संचार साथीवर अनब्लॉक करा, नाहीतर सिम घालून रेंजची वाट बघत बसाल. मग फोन पूर्ण रिसेट करा, मधल्या काळात त्यात कुणी काय टाकलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. आणि चार्जरला लावण्याआधी तो टेबलावर पालथा ठेवून कडेने बघा. कित्येक महिने पिशवीत पडलेली बॅटरी फुगली असेल तर मागचं झाकण केसभर उचललेलं दिसतं. तसं दिसलं तर चार्ज न करता थेट बॅटरी बदलायला न्या.